रक्त नाही म्हणून थरार नाही?
कोझी मिस्ट्रीत, म्हणजे रक्तपात न दाखवता बहुधा छोट्या गावात घडणाऱ्या रहस्यकथेत, रक्त दाखवत नाहीत म्हणून थरार नसतो, हे एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. खून पडद्याआड होतो कारण आपलं लक्ष सुऱ्याकडे न जाता माणसांकडे जावं, १९३० मधल्या पहिल्या कादंबरीपासून अगाथा ख्रिस्तीची म्हातारी हौशी गुप्तहेर मिस मार्पल तेच तर करते, गावातल्या माणसांच्या वागण्यावरून खुनी ओळखते.

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात आई अशीच होती. समोरच्या काकूंच्या कडीला दुधाची पिशवी नऊ वाजले तरी लटकलेली बघून ती कणकेच्या हातानेच धावली, काकू मोरीत पडलेल्या, पाय मोडलेला! त्याच पिशवीसमोरून आम्ही सगळे ऑफिसला गेलो होतो. क्लू असाच उघड्यावर ठेवायचा, वाचकापासून लपवायचा नाही, आणि तरी त्याला चकवायचं, हे लिहिणं फार अवघड असतं हो.