खिशातला हात दिसला, मुठीतलं पिस्तूल नाही दिसलं

२०२४ च्या ऑलिम्पिकमधला एक फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर अजून दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. तुर्कस्तानचा ५१ वर्षांचा नेमबाज युसुफ दिकेच, अंगात टी-शर्ट, डोळ्यांवर साधा चष्मा, डावा हात खिशात. शेजारी जोडलेल्या फोटोत कोरियाची नेमबाज किम ये-जी, डोळ्यापुढे यंत्रमानवासारखी लेन्स. खाली मजकूर असा, की बाकीचे लाखोंची उपकरणं लावून आले, हा गडी काहीही न लावता सहज आला आणि रौप्यपदक घेऊन गेला. मग काकांची पुस्ती: 'उपकरणं म्हणजे नुसता देखावा!'

मी हौशी नेमबाज आहे, १० मीटर एअर पिस्तूल मारतो. त्यामुळे गप्प बसवत नाही.

'सहज आला.' दिकेचचं हे पाचवं ऑलिम्पिक. पहिलं २००८ चं, बीजिंगचं. आणि रौप्य मिश्र सांघिक प्रकारातलं, म्हणजे निम्मं त्याची जोडीदार शेव्हाल इलायदा तारहानचं, जिला फोटोतून सर्रास कापलं जातं. फायनल सर्बियाने १६-१४ अशी जिंकली. याच प्रकारात मनू भाकर आणि सरबजोत सिंगने आपल्याला कांस्य मिळवून दिलं. वैयक्तिक १० मीटरमध्ये दिकेच तेरावा होता, फायनलला पोचलाच नाही.

'कानाला काही नाही.' फोटो झूम करा. पिवळे इअरप्लग आहेत.

'खिशात हात, काय तो रुबाब!' रुबाब कसला, गरज आहे. पिस्तूल एकाच हाताने मारायचं असतं. दुसरा हात मोकळा लोंबला तर खांद्यासकट सगळं अंग झुलतं. म्हणून कोणी तो खिशात घालतं, कोणी पट्ट्यात अडकवतं. तारहाननेही खिशातच घातला होता.

'लेन्स नाही.' हे अर्धं खरं. दिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतो, म्हणून एक डोळा झाकायची पट्टी त्याला लागत नाही. ज्यांना लागते ते लावतात. आमच्या क्लबात निम्म्या लोकांच्या चष्म्याच्या एका काचेवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा असतो, खर्च शून्य. किमच्या त्या यंत्रातही जादू नाही. बारीक भोकातून पाहिलं की जवळची फ्रंट साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) आणि लांबचं टार्गेट दोन्ही जरा स्पष्ट दिसतात, इतकंच. नेम तिचा तिलाच धरावा लागतो. बरं, नियमाने ही काच नेमबाजाच्या डोळ्यावर चालते, पिस्तुलावर नाही. तिथे दुर्बीण नाही, लेझर नाही, फक्त उघडी साईट.

आणि खरं साहित्य तिथेच आहे, जिकडे फॉरवर्ड करणारे बघतच नाहीत. दिकेचच्या हातात जत्रेतल्या फुगे फोडायच्या स्टॉलवरचं पिस्तूल नव्हतं, स्पर्धेसाठी बनवलेलं मॅच पिस्तूल होतं. नेम धरताना पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत मधोमध दिसावी लागते. अशा पिस्तुलाच्या मागच्या साईटची खाच कमी-जास्त रुंद करता येते, ती वर-खाली, डावी-उजवीकडे स्क्रूच्या एकेका क्लिकने सरकते. दोन साईटमधलं अंतर असतं साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर. पुढची साईट खाचेत १ मिलिमीटर जरी बाजूला गेली, तरी १० मीटरवर गोळी सुमारे ३ सेंटिमीटर सरकते. टार्गेटच्या मधल्या, दहा गुणांच्या रिंगचा व्यास आहे ११.५ मिलिमीटर. म्हणजे दहा तर सोडाच, सातवर समाधान मानायचं.

तरी क्लिक फिरवणं हा उपाय नेहमीच नसतो. नवखा उजव्या हाताचा माणूस गोळ्या डावीकडे खाली जायला लागल्या की लगेच स्क्रू पिळतो. बहुतेक वेळा दोष ट्रिगर हिसकण्यात असतो. मीही महिनाभर साईटच पिळत बसलो होतो.

माझा दुसरा घोळ ग्रिपचा, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीचा. दोन वर्षं मी क्लबचं पिस्तूल वापरलं, त्याची ग्रिप मोठ्या पंजाची. साईट जुळवायला प्रत्येक शॉटला मनगट किंचित वळवायचो. साठ शॉटची मॅच, चाळिसाव्याला मनगट संपलेलं. स्वतःचं पिस्तूल घेतल्यावर प्रशिक्षकांनी एकच परीक्षा सांगितली: डोळे मिटून हात उचल, दोन श्वास घे, डोळे उघड. पुढची साईट खाचेच्या मधोमध असेल तर ग्रिप तुझी. माझी उजवीकडे होती. मग कानस घेऊन अंगठ्याखालचं लाकूड उतरवलं, तळहाताच्या पोकळीत लाकडाची पुट्टी भरली, परत घासली. तीन रविवार गेले. नियमांची चौकटही सांभाळायची होती. ग्रिपने मनगटाला आधार द्यायचा नाही, आणि अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या डब्यात बसलं पाहिजे.

भाच्याने विचारलं, 'मामा, होल्स्टर कुठंय?' म्हणजे पिस्तूल अडकवायचं म्यान. या खेळात होल्स्टर नाही. पेटीतून टेबलावर, नळीत गोळी नाही हे दाखवणारा नारिंगी सेफ्टी फ्लॅग, तोंड टार्गेटकडे. कमरेचं होल्स्टर पोलिसांचं.

काकांचं एक मात्र मान्य. चेहऱ्यावर काय लावलंय यावर पदक ठरत नाही. पण साहित्यच नव्हतं म्हणाल तर तो फोटो पुन्हा उघडा आणि उजव्या हाताकडे बघा. ग्रिप दिसतच नाही फारशी, मुठीत पार मुरून गेलीय.