चार दिवसांचा सांभाळ क्रूर नाही

निवारा केंद्रातील एका वयस्क कुत्रीला आठवडाभर घरी आणायचे माझ्या वहिनीने ठरवले होते. पिंजऱ्यात मागच्या भिंतीकडे तोंड करून पडून राहणारी ही कुत्री वहिनीच्या हातातील पट्टा पाहून उठून जाळीपाशी आली होती. तेवढ्यात फोनवर एक फिरता मजकूर आला आणि वहिनीने नकार कळवला. मजकुराचे म्हणणे असे: निवाऱ्यातील प्राण्यांचे भवितव्य केवळ कर्मचाऱ्यांच्या हाती असते; थोडे दिवस घरी नेऊन परत सोडलेला कुत्रा कायमचा खचतो; आणि वाट चुकलेला पाळीव कुत्रा दिसताच त्याला निवाऱ्यात पोहोचवावे.

यातील दुसरा दावा सर्वांत घातक आहे, कारण मदतीला निघालेल्या माणसाला तो दारातच अडवतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच केंद्रांतील 207 कुत्रे एक-दोन रात्रींसाठी लोकांच्या घरी पाठवण्यात आले आणि त्यांच्या लघवीतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, आधी, घरी असताना आणि परतल्यावर मोजण्यात आले. घरी त्याचे प्रमाण उतरले. परतल्यावर ते पूर्वीच्या पातळीवर आले, त्याहून वर गेले नाही. हा आराम टिकत नाही, एवढे मान्य करावे लागते. पण भुंकण्याच्या गोंगाटात दिवस काढणाऱ्या जिवाला मिळणारी सलग झोप टिकणार नाही म्हणून ती मुळीच द्यायची नाही, हा कुठला न्याय?

शिवाय 2023 मध्ये 51 केंद्रांतील 1,955 कुत्र्यांच्या नोंदींवरून असे दिसले की, असा तात्पुरता सांभाळ लाभलेल्या कुत्र्यांची दत्तक जाण्याची शक्यता इतरांच्या सुमारे 14 पट होती, तर केवळ फेरफटक्याला नेलेल्यांची 5 पट. केंद्राच्या नेहमीच्या स्वयंसेवकांपेक्षा परिसरातील सामान्य लोकांचा सहभाग जिथे अधिक होता, तिथे परिणामही अधिक चांगला होता. पहिल्या दाव्याला याहून वेगळे उत्तर लागत नाही. उपचार आणि स्वभावाची पारख हे कर्मचाऱ्यांचेच काम, हे खरे. परंतु रिकामे घर त्यांना निर्माण करता येत नाही.

वाट चुकलेल्या कुत्र्याबद्दल थोडक्यात सांगते. तो बहुधा घरापासून फार दूर गेलेला नसतो. जखमी नसेल तर आधी आसपासच्या घरांत विचारावे, गळपट्ट्यावरील क्रमांक पाहावा आणि केंद्राला त्याचे छायाचित्र व ठिकाण कळवावे. मालक त्याच गल्ल्यांतून त्याला हाका मारत फिरत असण्याचा संभव अधिक असतो.