म्हशीएवढी मुंगी आणि काकांचा भुईमूग

रविवारी सकाळी सहा वाजता अकोल्याहून काकांचा फोन. "बापू, टॅग चोवीस पेरू का नोको? ते मुंग्यायचं पाह्यलं काय तू?"

टॅग चोवीस ही भुईमुगाची जात. मुंग्यांचं मात्र मी पाहिलं नव्हतं. मग घरच्या ग्रुपवर सापडलं. 'जुन्या राक्षसपटांची दडवलेली सत्यं' म्हणून चार मुद्दे. एक, 'देम!' हा सिनेमा खऱ्या घटनेवरचा आहे. १९४५च्या अणुचाचणीनंतर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात मुंग्या म्हशीएवढ्या झाल्या आणि सरकारने ते प्रकरण सिनेमा म्हणून खपवलं. दोन, १९३३चा किंग काँग म्हणजे माकडाचं सोंग घेतलेला माणूस. तीन, काँग-गॉडझिला लढतीत जपानी प्रतीत गॉडझिला जिंकतो, अमेरिकन प्रतीत काँग. चार, गॉडझिला मुळात हॉलिवूडचा. आणि तळाशी खरं विष: 'हेच किरण ट्रॉम्बेत भुईमुगावर मारतात. तो दाणा खाऊ नका, पाला जनावरांना घालू नका. पुढे पाठवा.'

काँग माणूस होता की बाहुला, याने कुणाच्या ताटात फरक पडत नाही. मुंगीच्या मुद्द्याने मात्र काकांचं उन्हाळी भुईमुगाचं बियाणं आठवडाभर पोत्यात पडून राहिलं. म्हणून आधी मुंगी.

पुरावा म्हणून जोडलेला फोटो त्या सिनेमातलाच आहे. १९५४ साली वॉर्नर ब्रदर्सने तो काढला, दिग्दर्शक गॉर्डन डग्लस. त्यासाठी मोठाल्या यांत्रिक मुंग्या बनवल्या होत्या. एक अख्खी, आणि एकीचा मागचा भागच नव्हता, कारण तिला क्रेनला टांगून नुसतं तोंड आणि पुढचे पाय हलवायचे होते. म्हणजे हा पुरावा अर्ध्या मुंगीचाही असू शकतो.

आता अशी मुंगी खरंच वाढली असं धरू. जे. बी. एस. हॉल्डेन हे मोठे जीवशास्त्रज्ञ. १९५७मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले, १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. प्राण्यांच्या योग्य आकारमानावर त्यांचा १९२६चा एक निबंध आहे. तेवढा वाचला की या जातीच्या सगळ्या राक्षसांचा निकाल लागतो. ते म्हणतात, माणूस दहापट उंच, दहापट रुंद आणि दहापट जाड केला तर वजन हजारपट होतं, पण हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्र शंभरपटच वाढतं. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट भार. मांडीचं हाड साधारण तेवढ्या भाराला मोडतं, त्यामुळे असा राक्षस पहिल्याच पावलाला मांडी मोडून बसेल.

हाच हिशेब मुंगीला लावा. एक सेंटिमीटरची मुंगी अडीच मीटरची करायची म्हणजे २५० पट. वजन सुमारे दीड कोटी पट, पायांचा छेद ६२,५०० पट. पायावर येणारा ताण २५० पट. सिनेमातल्यासारखी ती लॉस एंजेलिसच्या गटारापर्यंत पोचणं सोडा, जागची उठणार नाही. शिवाय मुंगीला फुप्फुसं नसतात. अंगावरच्या भोकांतून बारीक नळ्या आत जातात आणि बराचसा प्राणवायू त्यांतून आपोआप झिरपत पोचतो. अंतर २५० पट झालं की झिरपायला लागणारा वेळ ६२,५०० पट. गुदमरूनच मरेल बिचारी. तीस कोटी वर्षांपूर्वी हातभर पंखांचे चतुरासारखे कीटक होते हे मान्य. हातभर. म्हशीएवढे नव्हे, आणि बॉम्बमुळे तर नव्हेच.

किरणांनी कीटकांचं खरोखर काय होतं तेही बघा. 'देम!' लागला त्याच १९५४ साली कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर गुरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या माशीच्या कोषांवर किरण सोडून नर नापीक केले आणि ते बेटभर सोडले. माद्यांनी घातलेली अंडी उबेनात. काही महिन्यांत बेटावरून माशी संपली. किरणांनी माशी म्हशीएवढी झाली नाही, तिचा निर्वंश झाला.

आता भुईमूग. नाइलाजाने कबूल करतो, इथे अर्धं खरं आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर किरण मारून नव्या जाती काढतात, आणि त्यातल्या काहींचा दाणा खरंच टपोरा आहे. पण किरण मारले आणि दाणा फुगला, असं होत नाही. किरणांनी बीजात बारीकसारीक फरक पडतात, त्यातले बहुतेक निरुपयोगी. हजारो झाडांतून एखादं कामाचं निवडायचं, त्याचा संकर करायचा, पिढ्यान्‌पिढ्या पारखायचं. टॅग-२४ हे ट्रॉम्बे आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं मिळून काम, इंग्रजी नावातल्या 'टी' आणि 'ए'मध्येच दोन्ही गावं आहेत. किरण तिच्या पूर्वजांवर पडले होते. काकांच्या पोत्यातल्या दाण्याने किरण पाहिलेलेही नाहीत. आणि किरण मारलेलं बी त्यामुळे स्वतः किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस रात्री अंधारात चमकतो का?

बाकीचं झटपट. काँग माणूस नव्हता. विलिस ओब्रायनने दीडेक फुटाचा, आत धातूचा सांगाडा आणि वर सशाची फर असलेला बाहुला चित्रफितीच्या एकेका चौकटीसाठी हाताने हलवला. फर मध्येच शहारल्यासारखी दिसते ती हलवणाऱ्याच्या बोटांमुळे. नटीला धरणारा पंजा मात्र खऱ्या मापाचा. सोंग होतं ते गॉडझिलाचं, आत हारुओ नाकाजिमा घामाघूम.

काँग-गॉडझिला लढतीच्या दोन शेवटांची दंतकथा साठ वर्षं चालू आहे. १९६२च्या जपानी आणि १९६३च्या अमेरिकन, दोन्ही प्रतींत दोघं समुद्रात पडतात आणि काँग एकटाच वर येऊन पोहत जातो. फरक आवाजाचा. जपानी प्रतीत शेवटी दोघांच्या डरकाळ्या आहेत, अमेरिकन प्रतीत फक्त काँगची.

आणि गॉडझिला तोहो कंपनीचा, ३ नोव्हेंबर १९५४. त्यामागची भीतीही जपानचीच: त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्बची राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली होती, आणि सिनेमा लागण्याआधीच त्यातला एक जण वारला. हॉलिवूडने दोन वर्षांनी काटछाट करून, मध्ये एक अमेरिकन पत्रकार घुसवून तोच सिनेमा लावला.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. हॉल्डेनपाशी ते नुसते "हं" म्हणाले. पाला जनावरांना चालतो हे दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "मुंग्यायचं जाऊ दे रे. रात्री रानडुकरं येऊन शेंगा उकरतात, त्यायचं काही फॉरवर्ड आलं काय?"