बंदी कशाला?
गेमिंग क्लबमुळे नेटवर्क मंदावतं, म्हणून कॉलेजांनी सरसकट बंदी घालावी हे एका लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. प्रत्यक्ष खेळताना डेटा व्हिडिओ कॉलपेक्षाही कमी लागतो. नेट खातात ती डाउनलोड्स. १०० जीबीचा गेम सगळ्यांनी एकाच दुपारी उतरवायला घेतला की झालंच! पण क्लबच्या खोलीत कॅशे सर्व्हर (एकदा उतरवलेली फाइल साठवून सगळ्यांना देणारा संगणक) ठेवला तर फाइल बाहेरून एकदाच येते. स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपवर २०२३ पासून शेजारच्या पीसीवरूनही गेम घेता येतो. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) कमी राहावा म्हणून वायफायऐवजी केबल, आणि क्लबला वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा. खरी कटकट फायरवॉलची, म्हणजे नेटवर्कवर नको ते अडवणाऱ्या पहारेकऱ्याची. यूडीपी (बरेच गेम ज्या पद्धतीने डेटा पाठवतात ती) सरसकट अडवलं तर बरेच गेम जोडलेच जात नाहीत. आयटी विभागाने क्लबकडून गेमची यादी घेऊन तेवढेच पोर्ट (फायरवॉलमधली दारं) उघडावेत, नाहीतर मुलं फायरवॉल चुकवायला व्हीपीएन लावणारच (लावतातच म्हणा!).