आजीला कुणी अहो म्हणतं का?

परवा इथल्या, व्हिएन्नातल्या मराठी ग्रुपवर नुकत्याच पुण्याहून आलेल्या एका मुलीने विचारलं, "ईस्टरच्या चार दिवसांत व्हिएन्नाहून किती देश होतील?" भराभर उत्तरं आली. ब्रातिस्लाव्हा तासाभरावर, बुडापेस्ट पावणेतीन तास, प्राग चार. सगळं बरोबर. पण मला राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

२०१९ मध्ये आलो तेव्हा आम्हीही हेच केलं. वर्षभरात अकरा देश. फोटो ढीगभर आहेत. पण त्या वर्षात ऑफिसबाहेरच्या एकाही माणसाशी धड पाच मिनिटं बोलले नव्हते. ऑफिसात इंग्रजी, घरात मराठी, दुकानात कार्ड टेकवलं की झालं. डिसेंबरात चारलाच अंधार पडायचा आणि सांगलीच्या पायरीवरच्या गप्पा आठवून घशाशी यायचं.

मग २०२० चा लॉकडाऊन आला. वरच्या मजल्यावरच्या आजींना बाहेर पडायची भीती वाटायची, म्हणून त्यांचं दूध-पाव मी आणायला लागले. १५ मे रोजी हॉटेलं, कॅफे पुन्हा उघडले आणि त्यांनी दार वाजवून सांगितलं, "गुरुवारी चार वाजता माझ्याकडून कॉफी."

ज्यांनी व्हिएन्नाचं जुनं कॉफीहाउस पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे नुसती 'कॉफी' मागत नाहीत. मेलांज, क्लायनर ब्राउनर, आइनश्पेनर असं नाव घेऊन सांगायचं. आइनश्पेनर म्हणजे एका घोड्याची गाडी. गाडीवान एका हातात लगाम आणि दुसऱ्यात काचेचा पेला धरून ही कॉफी प्यायचे म्हणतात. वर क्रीमचा जाड थर, म्हणून ती लवकर निवत नाही. कॉफी येते छोट्या ट्रेमधून, शेजारी पाण्याचा पेला, त्यावर पालथा ठेवलेला चमचा. एका कपावर तीन तास बसा, 'हेर ओबर', म्हणजे वेटर, पाणी बदलून देतो, पण मागितल्याशिवाय बिल आणत नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रियाने ही कॉफीहाउसची रीत देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. वारसा कॉफीचा नाहीच, त्या बसण्याचा आहे. साडेचार युरोला तेव्हाच्या ऐंशी रुपयांच्या भावाने गुणून मी पहिलं वर्ष असल्या ठिकाणी पाऊलच टाकलं नव्हतं, याचं आज खरंच वाईट वाटतं.

आजींचा जन्म १९४१ चा. युद्धानंतर आमचा ओटाक्रिंग भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता. तेव्हा घरात खरी कॉफी नसायची, चिकोरी आणि भाजलेली बार्ली उकळायचे. त्या अजून कप तिरका करून शेवटचा थेंब पितात. हे सगळं त्यांनी मला सावकाश, सोप्या जर्मनमध्ये सांगितलं आणि माझं जर्मन क्लासपेक्षा त्या टेबलाशी जास्त सुधारलं.

जर्मनमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे, 'डू' आणि 'झी'. झीवरून डूवर यायचं ते मोठ्या माणसाने सुचवायचं असतं. दोन वर्षांनी एका गुरुवारी आजींनी कप खाली ठेवला, माझ्यापुढे हात केला आणि स्वतःचं पहिलं नाव सांगितलं, म्हणजे आता मला 'डू' म्हण. मी गांगरले. ऐंशी वर्षांच्या बाईला अगं-तुगं कसं करायचं? मग एकदम उमगलं. वडिलांना अहो, सासूबाईंना अहो, पण आजीला मी कधी अहो म्हटलं होतं? आई आणि आजी तर 'अगं'च. हे मी तिला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये समजावलं. तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

प्रवास करू नका असं मी म्हणत नाही. आम्ही दोघी गेल्या वर्षी झेमरिंगला गेलो. १८५४ चा डोंगरातला रेल्वेमार्ग, ४१ किलोमीटरमध्ये १६ मोठे पूल आणि डझनभराहून जास्त बोगदे. मी तिला आमच्या बोरघाटाचं सांगितलं, तो १८६३ चा. "तुमचा कुणी बांधला?" तिने विचारलं. इंजिनिअर नव्हे, मजूर कोण होते ते तिला हवं होतं. मग दोन्ही घाटांत साथीच्या रोगांनी मेलेल्या मजुरांबद्दल आम्ही उतरेपर्यंत बोलत राहिलो. अकरा देशांतला एकही प्रवास मला इतका आठवत नाही.

कंपनी आपल्याला इथे इंग्रजीवर आणते आणि इंग्रजीवर वर्षानुवर्षं निभतंही. तिथेच आपण फसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या वर्षी विमानाच्या दोन तिकिटांचे पैसे भाषेच्या क्लासला द्या. घराजवळचं एक कॉफीहाउस धरा आणि दर आठवड्याला त्याच वेळी तिथेच जा. मोबाइल पिशवीत ठेवा.

आणि त्या पुण्याच्या मुलीला सांगते, ईस्टरची तिकिटं काढली असतील तर जा गं, नक्की जा. परत आलीस की मला मेसेज कर. गुरुवारी चारला आम्ही दोघी खिडकीपाशी असतो, तिसरी खुर्ची रिकामीच असते.