‘मे नॉट’ म्हणजे नक्की काय?

परवा एका मैत्रिणीने भाषांतर केलेली नोटीस डोळ्यांखालून घालायला पाठवली. मूळ इंग्रजी वाक्य होतं, ‘मेंबर्स मे नॉट अटेंड द मीटिंग.’ तिने लिहिलं होतं, ‘सभासद कदाचित बैठकीला येणार नाहीत.’ नोटीस काढणाऱ्याला म्हणायचं होतं, सभासदांना बैठकीला बसायला मनाई आहे!

तिचं इंग्रजी चांगलं आहे. पण तिलाही माझ्यासारखंच कोष्टक पाठ करायला लावलेलं: मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे क्षमता, माइट म्हणजे कमी शक्यता. पुढे ‘नॉट’ आला की काय होतं, हे त्या कोष्टकात नसतंच, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

‘इट मे नॉट बी ट्रू’ म्हणजे कदाचित खरं नसेल. ‘इट कान्ट बी ट्रू’ म्हणजे खरं असणं शक्यच नाही. पहिल्या वाक्यात नकार खरेपणाला लागतो, दुसऱ्यात थेट शक्यतेला. आणि ‘यू मे नॉट गो’ असं कुणी बजावलं, तर तोच ‘नॉट’ परवानगी काढून घेतो. मराठीत ‘जाणार नाहीस कदाचित’ आणि ‘जायचं नाही’ यांत कुणाची गफलत होणार नाही. इंग्रजीत दोन्हीकडे तेच दोन शब्द. म्हणूनच मानकं कशी लिहावीत याच्या आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या) नियमांत सांगितलंय की मनाईसाठी ‘मे नॉट’ नको, ‘शॅल नॉट’ लिहा.

वर्गात मात्र वेळ जातो तो ‘कॅन आय’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मे आय म्हण’ असं टोकण्यात. मला हे मनापासून खटकतं. जुन्या इंग्रजीत ‘मे’चा अर्थच मुळी ‘अंगात बळ असणं’ असा होता. बळ या अर्थाचा ‘माइट’ त्याच कुळातला. ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘माहीत असणं’. बळावरून परवानगीपर्यंत ‘मे’ आलं, तर त्याच वाटेने ‘कॅन’ आलं म्हणून काय बिघडलं? औपचारिक पत्रात ‘मे’ लिहावं, एरवी ‘कॅन’ खुशाल वापरावं. त्यापेक्षा मुलांना हे सांगा की ‘कुड आय लीव्ह?’ असं विचारता येतं, पण परवानगी देताना ‘यू कुड’ म्हणत नाहीत, ‘यू कॅन’ म्हणतात.

मैत्रिणीने शेवटी नोटीस काढणाऱ्यालाच फोन केला. त्याने मूळ वाक्य बदललं: ‘मेंबर्स आर नॉट अलाउड टु अटेंड.’