वरनंच बंद झालंय

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. महिन्याला १५०० रुपये चालू ठेवायचे तर स्वतःच्या आधारवर ओटीपी घ्यायचा आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही घ्यायचा. आमच्या नातेवाइकांत, शाळासोबत्यांत यावरून जोरदार वाद झाला. एक बाजू म्हणत होती की सरकारी पैसा वाटायचा तर तपासणी हवीच, ज्याला लपवायचं काही नाही त्याला भीती कसली? दुसरी म्हणत होती की सरकारला प्रत्येकाच्या घरात डोकावायचंय, तपासणी हे निमित्त. मी जर्मनीत, लाइपझिशमध्ये राहते म्हणून दोन्ही बाजूंनी मला साक्षीला ओढलं. ‘तुमच्याकडे शिस्त आहे ती नियंत्रणामुळेच ना?’ असं एक जण विचारी, तर दुसरा म्हणे, ‘तुमच्याकडे खासगीपणाला किती मान आहे, सांग यांना.’

दोघांचंही काही अंशी खरं आहे. पण सोलापूरात वाढून इथे संसार करताना मला सगळ्यांत जास्त जाणवते ती तिसरीच गोष्ट, आणि ती या वादात कुणीच काढत नाही. नियंत्रण किती आहे यापेक्षा, ज्याच्यावर ते चालतं त्याला उलट विचारता येतं का, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते बघता येतं का? नाव कापलं तर कुणी कापलं आणि दाद कुठे मागायची, हे कळतं का?

जर्मन सरकार नागरिकाच्या आयुष्यात थोडंथोडकं शिरत नाही. घर बदललं की दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात नाव नोंदवावं लागतं, तेही घरमालकाची लेखी पुष्टी घेऊन. न नोंदवल्यास १००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीत धर्म विचारतात, कारण चर्चचा कर पगारातून कापला जातो. भारतात माझ्या भावाने पुण्यात पाच घरं बदलली, कुणी विचारलं नाही. इथे पत्ता नोंदवल्याशिवाय पुढचं एकही काम धड होत नाही.

आणि या नोंदवह्यांचा इतिहास भयंकर आहे. जानेवारी १९३८ मध्ये नाझी राजवटीने रहिवासी नोंदणी देशभर एकसारखी केली. १७ मे १९३९ च्या जनगणनेत प्रत्येक कुटुंबाला वेगळं पुरवणी कार्ड भरावं लागलं, त्यात आजी-आजोबा चौघांपैकी कोण ज्यू होतं ते लिहायचं होतं. छळ करायला आधी यादी लागते, आणि यादी सरकारी कारकुनांनी शांतपणे तयार केली.

लाइपझिशच्या वाट्याला त्यानंतर दुसरी पाळत आली. शहराच्या मध्यभागी ‘रुंडे एके’ नावाची गोलाकार कोपऱ्याची इमारत आहे. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, म्हणजे श्टाझीचं, ते जिल्हा मुख्यालय होतं. १९८९ मध्ये श्टाझीचे पूर्णवेळ कर्मचारी सुमारे ९१ हजार होते आणि गुपचूप बातम्या पुरवणारे जवळपास १ लाख ८९ हजार. या गावात दर सोमवारी निदर्शनं होत. ९ ऑक्टोबर १९८९ ला सुमारे ७० हजार माणसं रस्त्यावर आली, आणि ४ डिसेंबरला नागरिकांनी त्या इमारतीचा ताबा घेतला. आत आता संग्रहालय आहे. लोकांची पत्रं उघडून पुन्हा चिकटवायची यंत्रं तिथे बघायला मिळतात, आणि माणसाचा वास टिपलेल्या फडक्यांच्या काचेच्या बरण्याही. उद्या पत्रक सापडलं तर ते कुणाचं हे कुत्र्याकडून हुंगवून घेता यावं, म्हणून तो वास जपून ठेवलेला. पाळत ठेवणाऱ्या माणसांची चिकाटी बघून अंगावर काटा येतो.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. जमावाने त्या फायली जाळू दिल्या नाहीत. १९९१ मध्ये कायदा झाला, आणि जानेवारी १९९२ पासून ज्याची फाइल त्याला ती वाचायला मिळू लागली. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी स्वतःची फाइल वाचली आहे. मुलाच्या वाढदिवसाला कोण कोण आलं, कुणी कोणता केक आणला, इथपर्यंत त्यात लिहिलं होतं. बातम्या देणारे दोघे टोपणनावांनी होते. त्यांची खरी नावं मागण्याचा हक्क कायद्याने होता. बाईंनी एकाचं नाव मागितलं. दुसऱ्याचं मागितलं नाही, कारण तो कोण असावा याचा त्यांना अंदाज होता आणि त्याच्या बायकोशी मैत्री टिकवायची होती. काय जाणून घ्यायचं आणि काय नाही हे ठरवणं इतक्या वर्षांनी त्यांच्या हातात आलं होतं. माझ्यापुरतं तरी स्वातंत्र्याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

पश्चिम जर्मनीने हीच लढाई कोर्टात लढली. १९८३ च्या जनगणनेला लोकांनी प्रचंड विरोध केला. मोजणीतली माहिती नगरपालिकांच्या नोंदवह्या दुरुस्त करायलाही वापरायची, असं सरकारने ठरवलं होतं. १५ डिसेंबर १९८३ ला कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने ती सरमिसळ रद्द केली. मोजणी करा, पण एका कामासाठी घेतलेली माहिती परस्पर दुसऱ्या कामाला लावू नका. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की आपल्याबद्दल कुणाला काय आणि कधी ठाऊक झालंय हे ज्याला कळत नाही, तो माणूस वागताना बिचकतो, सभेला जायचं टाळतो, आणि हे नुकसान त्याच्या एकट्याचं नसून लोकशाहीचं असतं. शेवटी जनगणना १९८७ मध्ये, नियम बदलून झाली.

रोजच्या जगण्यात हे सगळं कुठे दिसतं? सरकारी पत्राच्या तळाशी. इथल्या कुठल्याही कार्यालयाचं निर्णयाचं पत्र घ्या, शेवटी एक परिच्छेद असतोच की या निर्णयाविरुद्ध एका महिन्याच्या आत, अमुक कार्यालयात, अमुक पद्धतीने हरकत घेता येईल. तो परिच्छेद लिहायचा राहिला किंवा चुकीचा लिहिला तर मुदत महिन्याची वर्षभर होते. चूक कार्यालयाची, म्हणून सवलत नागरिकाला. मुलाच्या पाळणाघराच्या फीसवलतीचा माझा अर्ज एका कार्यालयाने फेटाळला, तेव्हा कारण तीन ओळींत लिहिलं होतं, खाली ज्या बाईंनी निर्णय घेतला त्यांचं नाव आणि फोन नंबर होता. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी हरकत लिहिली. उत्पन्नाचा एक कागद त्यांच्याकडून दोनदा मोजला गेला होता. निर्णय बदलला. कुणाची ओळख लागली नाही, कुणाला भेटावं लागलं नाही.

आता सोलापूर. माझ्या मावशीने आयुष्यभर विड्या वळल्या. पानं कापून, वळून, दोरा गुंडाळून बोटांच्या रेघा पार झिजल्या आहेत. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर तिचा अंगठा उठत नाही. मग एका महिन्यात तिचं नावच यंत्रातून गेलं. फोनवर म्हणाली, “दुकानदार म्हणतो, मावशी, आमच्या हातात काय नाही, वरनंच बंद झालंय.” मी विचारलं, लेखी काही दिलं का? “लेखी कशाला देतंय गं कोण? म्हणतो पुढच्या महिन्याला बघू.” मग महा ई-सेवा केंद्र, पुरवठा कार्यालय, परत दुकान असे हेलपाटे. नाव परत लागलं, पण का गेलं होतं हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. दुकानदार वाईट माणूस नाही. त्यालाही खरंच ठाऊक नव्हतं.

देशातलं पहिलं आधार कार्ड सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी बाईला दिलं गेलं. गरिबाला ओळख नाही म्हणून हक्क मिळत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०१८ मध्ये बँक खाते आणि मोबाइलला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. तरी जिममध्ये झेरॉक्स मागतात आणि आपण देतो. हे खटकतं. पण मावशीचं दुःख खासगीपणाचं नाही. यंत्राने तिला ओळखलं नाही आणि त्या ‘नाही’ला उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं, हे तिचं दुःख आहे.

नियंत्रणाचा आपला इतिहास म्हटला की पुण्याचा १८९७ चा प्लेग आणि रँड आठवतो. तो शाळेतच शिकवतात. सोलापूरच्या सेटलमेंटचा इतिहास मात्र सोलापूरच्याही शाळेत मला कुणी शिकवला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तारेच्या कुंपणात वसाहत, हजेरी, बाहेर जायला परवाना: हीच ती सेटलमेंट. माणसाने काय केलं हे बघायचंच नाही, तो कोणत्या यादीत आहे ते बघायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण यादी कायद्याबरोबर गेली नाही. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडायची ती पडतच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईतल्या एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. स्वातंत्र्याला तोवर ७७ वर्षं झाली होती.

म्हणून पोलिसांच्या एआयची बातमी वाचताना मला त्या कुंपणाची आठवण होते. राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी नागपुरात स्थापन केली. गुन्हे लवकर उकलावेत हे मलाही हवंय. पण यंत्राला शिकवायला जुन्याच नोंदी लागतात, आणि त्या कुणाबद्दल जास्त लिहिल्या गेल्या हे आपल्याला ठाऊक आहे. जर्मनीतही हेसेन राज्याचे पोलीस अमेरिकी कंपनीचं असं सॉफ्टवेअर वापरतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यामागचा कायदा घटनाबाह्य ठरवला. सॉफ्टवेअरवर बंदी घातली नाही; कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणती माहिती, कितपत जुळवायची हे कायद्यात लिहा, असं सांगितलं. हेसेनने कायदा सुधारला आणि वापर चालू ठेवला. मला हा मार्ग पटतो. ‘मार्व्हल’चे असे नियम कुठे छापलेत, हे विचारणारा आवाज मराठी चर्चेत फार क्षीण आहे.

शेतकऱ्याच्या पीककर्जाला सिबिल स्कोअर, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून काढलेला आकडा, आडवा येतो, आणि मुख्यमंत्र्यांना बँकांना दरवर्षी बजावावं लागतं की सक्ती करू नका. इथे भाड्याचं घर शोधताना शुफा नावाच्या संस्थेचा असाच आकडा द्यावा लागतो. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये म्हटलं की बँक त्या आकड्यावरच मुख्यतः निर्णय घेत असेल, तर तो आकडा काढणं हाच यंत्राने घेतलेला निर्णय ठरतो आणि त्यासाठीचे सगळे निर्बंध लागू होतात. बजावण्याने काम चालत नाही, ते इथे नियमात आलं.

घरातल्या नियंत्रणाबद्दल एवढंच. माझ्या मुलाचा फोटो काढायचा तर त्याची शाळा लेखी परवानगी मागते. वार्षिक अंकाला वेगळी, संकेतस्थळाला वेगळी. तिकडे भाची पुण्यात भाड्याने राहते, तिच्याकडे कोण किती वाजता आलं हे गेटवरच्या ॲपमधून सोसायटीचे पदाधिकारी बघतात आणि जिन्यात तिला सुनावतात. श्टाझीचा गाभा हाच होता. शेजाऱ्याने शेजाऱ्याची नोंद ठेवायची.

जर्मनीचं गुणगान गाऊन मी थांबणार नाही, कारण माझ्याबाबतीत हा देश वेगळा वागतो. परदेशी माणसांची इथे एक मध्यवर्ती नोंदवही आहे. १९५३ पासून आहे. जर्मन नागरिकांची अशी एकच देशव्यापी नोंद नाही, आमची मात्र आहे, आणि पोलिसांसह कितीतरी कार्यालयं ती बघू शकतात. ज्या देशाने याद्यांचं पाप इतकं खोलवर ओळखलं, त्याने परक्यांसाठी वेगळी यादी ठेवली, हे मला सलतं. त्यातली स्वतःची माहिती मागता येते, हा एक आधार. पण ती यादी असणं त्याने योग्य ठरत नाही.

आता कामाचं. आपल्याकडे हत्यार नाही असं नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यायचं, आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत करायचं तेही कळवायचं. पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग. जर्मन पत्राच्या तळाशी जे असतं तेच हे, आणि आपल्या विधानमंडळाने केलेलं. अडचण अशी की ते अधिसूचित सेवांच्या अर्जांना लागू होतं. यंत्राने अंगठा नाकारला किंवा ई-केवायसी अभावी हप्ता थांबला, तर त्याला कुणी ‘अर्ज फेटाळला’ म्हणतच नाही. ते आपोआप झालेलं असतं. त्यात केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मोकळी ठेवली आणि त्याच फटक्यात माहिती अधिकारात ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून उत्तर नाकारणं सोपं केलं. ज्या राज्याने माहिती अधिकारासाठी उपोषणं पाहिली, तिथे यावर आंदोलन उभं राहायला हवं होतं.

मागणी मोठी नाही. रेशन, निराधार पेन्शन, लाडकी बहीण, शिष्यवृत्ती यांत कुणाचंही नाव थांबलं की ते २०१५ च्या कायद्याखाली नकार मानावं. ई-पॉस मशीन मालाची पावती छापतं, तसंच नकाराची चिठ्ठीही त्यातून निघावी. त्यावर कारण असावं, जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि फोन असावा, अपिलाची मुदत असावी, आणि ती चिठ्ठी मिळाली नाही तर मुदत सुरूच होऊ नये. महिन्याचं धान्य मात्र निकाल लागेपर्यंत चालू राहावं.